हे त्याच्यासोबत खाल्ले तर चालेल का?

वाचकांचे प्रश्न आणि आहारतज्ज्ञांची उत्तरे

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येतो: अमुक पदार्थ तमुक पदार्थाबरोबर खाल्ला तर अपाय होतो का? या वेळी त्याच विषयावरची निवडक पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत, आणि लांब पत्रांतला प्रश्न तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. एके दिवशी त्याने जेवणात मासे खाल्ले आणि रात्री झोपताना सवयीप्रमाणे दूध घेतले. त्यानंतर दोन महिन्यांनी त्याच्या कोपरावर पांढरा डाग दिसू लागला. डॉक्टरांनी तो कोड असल्याचे सांगितले आहे. घरातील सर्वजण त्या रात्रीच्या दुधाला, म्हणजे पर्यायाने मलाच दोष देतात. खरोखर माझी चूक झाली का?

उत्तर : नाही, आपली काहीही चूक झालेली नाही, आणि हे उत्तर आपण घरातील सर्वांना वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे. त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट या पेशींवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा हल्ला करू लागली की कोड उमटते. त्यामागे आनुवंशिक कल असतो, आणि थायरॉइडच्या काही आजारांशीही त्याचे नाते आहे. हा आजार जगभर आढळतो आणि आयुष्यात कधीही मासा न खाल्लेल्या माणसांनाही होतो. उलट मासे दुधात किंवा सायीत शिजवण्याची पद्धत अनेक देशांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि या जोडीमुळे कोड होते असा पुरावा तेथे किंवा अन्यत्र मिळालेला नाही. जठरात पोहोचल्यावर माशाचे प्रथिन आणि दुधाचे प्रथिन या दोन्हींचे सारख्याच रीतीने तुकडे होतात आणि शेवटी अमिनो आम्ले तेवढी उरतात.

आयुर्वेदात दूध आणि मासे यांची गणना विरुद्ध आहारात केलेली आहे, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरे आहे. मात्र चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराचे अठरा प्रकार सांगितलेले असून दोन पदार्थांचा संयोग हा त्यांतला केवळ एक आहे. देश, काळ, अग्नी (पचनशक्ती), मात्रा, सात्म्य (अंगवळणी पडणे) यांचाही त्या यादीत तितकाच विचार आहे. शिवाय ज्याचा अग्नी प्रदीप्त आहे, जो तरुण आहे, व्यायाम करतो आणि ज्याला तो आहार सवयीचा आहे, त्याला विरुद्ध आहार बाधत नाही, असेही तेथेच म्हटले आहे. ज्यांना हा नियम पाळायचा आहे त्यांनी तो अवश्य पाळावा, त्याने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु मुलाच्या आजाराचे खापर आईच्या डोक्यावर फोडण्यासाठी त्याचा वापर होऊ नये.

हा समज इतका पक्का का बसला असावा, याचे एक संभाव्य कारण मला माझ्या कामात दिसले आहे. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. जेवणानंतर अर्ध्या तासात त्यांचा चेहरा आणि मान लालबुंद झाली होती, अंगावर गांधी उठल्या होत्या, डोके ठणकत होते आणि छातीत धडधडत होते. जेवणात मासे होते आणि शेवटी त्यांनी कपभर दूध घेतले होते, म्हणून त्यांनी त्या दिवसापासून दूध कायमचे सोडले. मी मासा कधी आणि कसा आणला होता असे विचारले, तेव्हा तो बर्फाविना पिशवीत घालून गाडीच्या डिकीत चार तास राहिला होता, असे कळले. ट्यूना, बांगडा अशा काही माशांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा थंड ठेवला नाही तर त्यावरचे जिवाणू या हिस्टिडिनचे हिस्टामिन करतात. हे हिस्टामिन तळल्याने किंवा उकळल्याने नष्ट होत नाही, आणि अशा माशाला दुर्गंधी येतेच असेही नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांपासून तासाभरात अंगावर उठणारी ही लाली हुबेहूब अॅलर्जीसारखी दिसते. ती दुधाविना मासा खाणाऱ्यालाही तशीच आली असती.

एखाद्याला माशाची किंवा दुधाची खरी अॅलर्जीही असू शकते. मात्र अशा वेळी तो एक पदार्थ एकटा खाल्ला तरी त्रास होतो, त्याला जोडीची गरज लागत नाही. ओठ किंवा घसा सुजणे, श्वास घेताना त्रास होणे ही लक्षणे दिसली तर काय कशाबरोबर खाल्ले याची चर्चा करत न बसता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

आपल्या मुलाचे दूध बंद करू नका, वाढत्या वयात त्याला ते हवे आहे. कोडावर मलमे आणि प्रकाशोपचार उपलब्ध आहेत आणि ते लवकर सुरू केलेले बरे, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे नियमित जात राहावे.

प्रश्न : दूध प्यायल्यावर संत्रे किंवा लिंबू घेतले तर पोटात दूध नासते म्हणतात. मी माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या दुधात आणि फळांत तीन तासांचे अंतर ठेवते, पण त्यामुळे बरेचदा फळ राहूनच जाते.

उत्तर : कपभर दुधात लिंबाचे काही थेंब पिळले की गुठळ्या बनून पाणी वेगळे होते, हे आपण स्वयंपाकघरात पाहिलेले असते, आणि तेच चित्र मनात धरून पोटाविषयी भीती वाटते. पण पोटात दूध फाटण्यासाठी लिंबाची वाट पाहावी लागत नाही. दुधातील केसीन हे प्रथिन सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका लहान तितकी आम्लता जास्त) ४.६ च्या आसपास आला की गोठते, आणि जठररसाचा सामू साधारण १.५ ते ३.५ असतो. म्हणजे आपण पितो ते सर्वच दूध जठरात गेल्यावर फाटते, तान्ह्या बाळाने प्यायलेले आईचे दूधही. गुठळ्या झाल्यामुळे ते जठरातून हळूहळू पुढे सरकते आणि त्याचे पचन नीट होते. फाटणे ही पचनाची पहिली पायरी आहे. दही हे दूध आंबूनच तयार होते आणि ते आपण आनंदाने खातो.

तीन तासांचे अंतर आजपासूनच बंद करावे आणि मुलीला फळ मिळू द्यावे. केळे आणि दूध यांच्याविषयीही एका वाचकाने विचारले आहे, त्यांनाही हेच उत्तर लागू आहे. दूध प्यायल्यावर दर वेळी पोट फुगत असेल किंवा जुलाब होत असतील, तर दुधातील लॅक्टोज ही साखर पचत नसण्याची शक्यता अधिक. जगातील जवळपास दोनतृतीयांश प्रौढांत ती पचवण्याची क्षमता कमी झालेली असते, आणि सोबत कोणते फळ खाल्ले याचा त्याच्याशी संबंध नसतो.

प्रश्न : मी वजन कमी करण्यासाठी एक आहारपद्धती पाळतो आहे. तिच्यात प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ एका जेवणात घेण्यास मनाई आहे, कारण एकाला आम्ल लागते आणि दुसऱ्याला अल्क, आणि दोन्ही एकत्र आले की अन्न पोटात सडते, असे सांगितले जाते. हे शास्त्रीय आहे का?

उत्तर : ही कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील विल्यम हॉवर्ड ‘हे’ (Hay) या डॉक्टरांनी लोकप्रिय केली आणि तेव्हापासून ती नवनव्या नावांनी परत येत असते. तिचा पाया चुकीचा आहे. जठरातील आम्लात प्रथिनांचे पचन सुरू होते हे खरे, परंतु पचनाचे बहुतेक काम लहान आतड्यात होते, आणि तेथे स्वादुपिंडाकडून येणाऱ्या रसात पिष्ट, प्रथिने आणि स्निग्धांश या तिन्हींवर काम करणारी विकरे (एन्झाइम) एकाच वेळी असतात. शरीर मिश्र अन्नासाठीच घडलेले आहे. किंबहुना निसर्गानेही हे दोन घटक वेगळे ठेवलेले नाहीत. गव्हाच्या दाण्यात पिष्ट आणि प्रथिन दोन्ही असतात आणि डाळींत तर दोन्ही भरपूर असतात. हा नियम काटेकोरपणे पाळायचा म्हटले तर डाळीचा एक दाणासुद्धा खाता येणार नाही.

अशा पद्धतीने काहींचे वजन उतरते, कारण इतकी बंधने घातली की माणूस एकूणच कमी खातो. आपल्याला त्याचा त्रास होत नसेल तर माझी हरकत नाही. परंतु आपण पत्रात लिहिले आहे की संध्याकाळी चक्कर येते. तेव्हा ही पद्धती थांबवावी, आणि मधुमेहाची औषधे चालू असतील तर आजच डॉक्टरांशी बोलावे.

प्रश्न : माझे हिमोग्लोबिन कमी असल्यामुळे मी तीन महिने लोहाची गोळी घेते आहे. विसर पडू नये म्हणून ती सकाळच्या चहाबरोबर घेते आणि पोटात जळजळ होऊ नये म्हणून वर थोडे दूधही पिते. तरीही हिमोग्लोबिन वाढत नाही.

उत्तर : एकत्र खाल्ल्याने खरोखर फरक पडतो अशा जोड्या फार थोड्या आहेत, आणि आपण नेमकी त्यांतलीच एक निवडली आहे. आपले पत्र वाचून मला वाईट वाटले, कारण तीन महिने आपण नेमाने केलेल्या प्रयत्नांचा मोठा भाग असा वाया गेला आहे. यात विषबाधा वगैरे काही नाही. चहातील टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यातून रक्तात शिरण्याऐवजी तसेच बाहेर पडते. जेवणाबरोबर चहा घेतल्यास वनस्पतिजन्य अन्नातील लोहाचे शोषण निम्म्याहून अधिक घटते, असे प्रयोगांत दिसले आहे. कॉफीही हेच करते. दुधातील कॅल्शियममुळेही लोहाच्या शोषणात अडथळा येतो, त्यामुळे आपण एकाच गोळीवर दोन पहारेकरी बसवले आहेत.

गोळी आणि चहा यांत अंतर ठेवावे. गोळी आधी घेतली तर चहासाठी किमान एक तास थांबावे आणि चहा आधी झाला असेल तर गोळीसाठी दोन तास. गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. क जीवनसत्त्वामुळे लोह आतड्याला सहज शोषता येईल अशा रूपात राहते, म्हणून लिंबू, आवळा, पेरू, संत्रे यांपैकी काही सोबत असले तर चांगलेच. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर थोडे खाऊन घ्यावी, पण ते खाणे दुधाचे नसावे. गोळी रोजऐवजी दिवसाआड घेतल्यास काहींना त्रास कमी होतो आणि शोषणही चांगले होते, तेव्हा हा पर्याय आपल्याला योग्य आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. शौचाचा रंग काळसर झाला तर घाबरू नये, तो लोहामुळे होतो.

एवढे करूनही महिन्याभरात आकडा हलला नाही, तर कोठे तरी रक्तस्राव होतो आहे का किंवा आतड्याच्या शोषणातच दोष आहे का, याची तपासणी व्हायला हवी.

प्रश्न : वडिलांना कोलेस्टेरॉलसाठी गोळी सुरू झाली आहे. गोळीच्या पाकिटातील कागदावर ग्रेपफ्रूट (पपनसासारखे लिंबूवर्गीय फळ) खाऊ नये असे छापले आहे. सकाळी फळ आणि रात्री गोळी असे केले तर चालेल ना?

उत्तर : दुर्दैवाने नाही. आपण तो कागद वाचला याबद्दल मात्र मनापासून धन्यवाद, कारण बहुतेकजण तो पाकिटाबरोबर टाकून देतात.

ही गोष्ट योगायोगाने उघडकीला आली. कॅनडातील डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबावरील फेलोडिपिन या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते, आणि मद्याची चव झाकण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता. औषधाची रक्तातील पातळी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघाली, आणि दोष मद्याचा नसून रसाचा आहे असे लक्षात आले. हे निरीक्षण १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. आतड्याच्या अस्तरात सीवायपी ३ए४ नावाचे एक विकर असते. ते अनेक औषधांचा काही भाग रक्तात पोहोचण्यापूर्वीच मोडून टाकते आणि गोळीची मात्रा हे गृहीत धरूनच ठरवलेली असते. ग्रेपफ्रूटमधील फ्युरॅनोकुमारिन ही द्रव्ये या विकराला कायमचे निकामी करतात. शरीराने नवे विकर तयार करेपर्यंत एक ते तीन दिवस जातात, म्हणून सकाळचे फळ आणि रात्रीची गोळी यांतले अंतर पुरत नाही. तेवढ्या काळात घेतलेली एक गोळी अनेक गोळ्यांसारखी वागू शकते.

सिम्व्हास्टॅटिनच्या बाबतीत हा परिणाम तीव्र असतो, अॅटोर्व्हास्टॅटिनच्या बाबतीत त्याहून कमी, आणि रोसुव्हास्टॅटिन व प्राव्हास्टॅटिन यांच्यावर तो जवळपास होत नाही. वडिलांची गोळी यांपैकी कोणती आहे ते पाहावे. पपनस आणि कडू संत्रे यांतही हीच द्रव्ये असतात, तर नेहमीचे गोड संत्रे आणि मोसंबे खाण्यास हरकत नसते. त्यांना ग्रेपफ्रूट फारच आवडत असेल तर गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांकडे ती बदलून मागावी.

या निमित्ताने आणखी काही जोड्या सांगतो, कारण अन्न आणि औषध यांच्या जोडीकडे आपण सर्वात कमी लक्ष देतो. डॉक्सिसायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही प्रतिजैविके दुधाबरोबर घेतली तर कॅल्शियम त्यांना बांधून ठेवते आणि मात्रा अपुरी पडते. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास दूर ठेवावी. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या सोडण्याची गरज नाही, परंतु त्यांतील के जीवनसत्त्व त्या औषधाच्या विरुद्ध काम करत असल्यामुळे रोजचे प्रमाण साधारण सारखे ठेवावे. नैराश्यावरील एमएओ रोधक गटातील जुनी औषधे घेणाऱ्यांनी मुरवलेले चीज कटाक्षाने टाळावे, कारण त्यातील टायरामिनमुळे रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर चढतो.

प्रश्न : कलिंगडावर पाणी प्यायले तर पटकी होते का? आणि कोळंबीनंतर क जीवनसत्त्वाची गोळी घेतली तर आर्सेनिक तयार होऊन माणूस दगावतो, असा संदेश फिरतो आहे, तो खरा आहे का?

उत्तर : दोन्ही खोटे आहे. कलिंगडात सुमारे ९२ टक्के पाणीच असते, तेव्हा त्यात आणखी पाणी मिसळल्याने काही घडत नाही. पटकी दूषित पाण्यातून किंवा दूषित हातांनी कापलेल्या, उघड्या राहिलेल्या फोडींतून होते. कोळंबीतील आर्सेनिक बहुतांशी आर्सेनोबीटेन या निरुपद्रवी रूपात असते आणि ते तसेच लघवीवाटे बाहेर पडते.

प्रश्न : पालक आणि दुधाचे पदार्थ एकत्र घेतल्याने मूतखडा होतो असे ऐकले. मला एकदा खडा झालेला आहे.

उत्तर : प्रत्यक्षात उलटे आहे. पालकातील ऑक्झलेट आणि दुधातील कॅल्शियम आतड्यातच एकमेकांना धरतात आणि शौचावाटे निघून जातात, त्यामुळे मूत्रपिंडापर्यंत ऑक्झलेट कमी पोहोचते. आपला खडा ऑक्झलेटचा असेल तर पालक बेताने खावा, खाल तेव्हा सोबत दही किंवा चीज असू द्यावे आणि दिवसभर पाणी भरपूर प्यावे. मात्र पालकातून कॅल्शियम मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये, त्यातील जेमतेम ५ टक्केच शोषले जाते.

प्रश्न : आमच्याकडे दुपारच्या जेवणाला बाराजण होते. परतलेला भात, अंडी आणि दही असा बेत होता. दोन-तीन तासांत पाचजणांना उलट्या झाल्या. अंडी आणि दही एकत्र खाल्ल्याने हे झाले, असे सर्वांचे मत पडले. भात आदल्या संध्याकाळी शिजवून पातेल्यात झाकून ठेवला होता आणि तो दुपारी परतला, एवढेच वेगळे होते.

उत्तर : आपण शेवटच्या वाक्यात जे ‘एवढेच’ म्हणून लिहिले आहे, बहुधा तेच कारण आहे. अंडी आणि दही यांचे वैर नाही.

तांदळावर बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते भात शिजवतानाच्या उष्णतेतही टिकून राहतात. मोठ्या पातेल्यातला भात वरून थंड झालेला वाटला तरी मधोमध कित्येक तास कोमट असतो, आणि ती ऊब मिळाली की हे बीजाणू जागे होऊन झपाट्याने वाढतात व एक विष तयार करतात. दुपारी भात कितीही कडक परतला तरी जिवाणू मरतात, विष मात्र तसेच राहते. खाल्ल्यापासून साधारण १ ते ६ तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होणे ही त्याची खूण आहे. माणसांच्या हातांवरून अन्नात उतरणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूचे विषही असेच वागते. पाचांनाच त्रास झाला आणि सातजण वाचले, याचा उलगडाही बराचसा होतो, कारण पातेल्याच्या कोणत्या भागातला आणि किती भात ताटात आला यावर विषाचे प्रमाण अवलंबून असते.

जिवाणूंना ५ ते ६० अंश सेल्सिअस या दरम्यानचे तापमान मानवते. शिजवलेले अन्न या पट्ट्यात दोन तासांहून अधिक, आणि कडक उन्हाळ्यात एका तासाहून अधिक, राहू देऊ नये. उरलेला भात पसरट, उथळ भांड्यांत थोडा थोडा काढून लवकर निववावा, मग शीतकपाटात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी वाफा येईपर्यंत गरम करून एकदाच वापरावा. स्वयंपाकघरात दोन गोष्टी एकत्र येऊ नयेत असे मला खरोखर कळकळीने सांगायचे असेल, तर ते कच्चे मांस आणि कच्ची कोशिंबीर यांच्याबद्दल. एकाच सुरीने आणि एकाच पाटावर आधी कोंबडी आणि मग काकडी चिरली गेली, तर कोंबडीवरचे जिवाणू पुढे शिजणार नसलेल्या काकडीवर बसतात.

उलट्या होत असताना जलसंजीवनीचे घोट थोड्या थोड्या वेळाने देत राहावे. शौचातून रक्त पडणे, लघवी जवळपास बंद होणे, तीव्र ताप येणे किंवा गुंगी येणे यांपैकी काहीही दिसले, अथवा रुग्ण लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध असेल, तर घरी थांबू नये.

प्रश्न : मग एकत्र खाल्ल्याने विषारी ठरणारी अशी एकही जोडी जगात नाही का?

उत्तर : एक निश्चित आहे. शाईसारखा काळा रस गाळत विरघळणारी एक रानटी अळिंबी असते. तिला इंकी कॅप म्हणतात. ती एकटी शिजवून खाल्ली तर सहसा काही होत नाही. परंतु तिच्यातील कोप्रिन या द्रव्यामुळे मद्य पचवताना शरीरात तयार होणारे अॅसिटाल्डिहाइड पुढे मोडले जात नाही आणि ते रक्तात साचते. अळिंबीबरोबर किंवा तिच्यानंतर मद्य घेतले की चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, हातापायांना मुंग्या येतात, आणि हा परिणाम अळिंबी खाल्ल्यानंतर पुढचे काही दिवस मद्याच्या प्रत्येक पेल्याबरोबर परत येऊ शकतो. मद्य सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम हे औषध याच मार्गाने काम करते.

रानातली अळिंबी ओळखण्यात जाणकारांचीही फसगत होते, आणि काही जातींनी यकृत कायमचे निकामी होते. ती खाल्ल्यावर कोणाला त्रास सुरू झाला, तर उरलेली अळिंबी, शिजवलेली असली तरी, डब्यात घालून रुग्णाबरोबर रुग्णालयात न्यावी आणि ती किती वाजता खाल्ली हे लिहून न्यावे.